खंडेनवमीची पिन

आमच्या आळेफाट्यावर गॅरेजच्या लायनीत बाईमाणसाचं काय काम, असं कुणी म्हणालं की मी त्याला दंडाला धरून आशाच्या गाळ्यापुढं नेऊन उभा करतो. माझा गाळा तिच्या शेजारचा. मी दादाभाऊ, गाड्यांचं वायरिंग करतो, बॅटऱ्या बघतो, आणि तोंडानं फटकळ आहे हे नाशिकपासून नगरपर्यंतच्या ड्रायव्हरांना ठाऊक आहे. मी चिडलो की रस्त्यापलीकडच्या हॉटेलात कळतं. आशा चिडली तर काही ऐकू येत नाही. ती खालचा ओठ दातांत धरते आणि लोकांनी जे करू नको म्हणून सांगितलंय, नेमकं तेच करायला बसते.

तिचं काम रेडियमचं. ट्रकच्या मागच्या फळीवर, पिकअपच्या काचेवर चमकणारी नावं, वाघ, गरुड दिसतात ना, ती आधी कॉम्प्युटरवर रचायची आणि मग प्लॉटरवर कापायची. प्लॉटर म्हणजे प्रिंटरच, फक्त त्यात शाईऐवजी बारीक पातं फिरतं. फाट्यावर बाकीचेही हे काम करतात, पण आशानं काढलेलं अक्षर लांबून कळतं. त्याला वळण असतं.

ते वळण कुठून आलं तेही सांगतो. ती धनगराची. बाप म्हस्कूबाबा. दिवाळी झाली की कळप घेऊन माळशेज घाट उतरायचा आणि पावसाच्या तोंडाला वर यायचं, यात त्यांचं उभं आयुष्य गेलं. कळपात कळप मिसळला तर आपलं मेंढरू ओळखू यावं म्हणून त्याच्या पाठीवर रंगाची खूण करतात. घरात ते काम लहानग्या आशाकडं. बाकीच्यांच्या मेंढरांवर ठिपका नाहीतर पट्टा, म्हस्कूबाबांच्या मेंढरांवर मात्र वळणदार ‘म’. बरोबरचे धनगर हसायचे, "म्हातारबा, तुमची मेंढरं शाळंत जात्यात काय?"

पुढं तिनं शाळांच्या भिंती रंगवल्या, जुन्नरला जाऊन डीटीपीचा कोर्स केला. लग्न झालं, ते टिकलं नाही. का टिकलं नाही ते मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका. माहेरी आली आणि म्हणाली, फाट्यावर दुकान टाकते. भाऊबंदांनी डोक्याला हात लावला, ड्रायव्हर-क्लीनरच्यात बसणार म्हणे ही! म्हस्कूबाबांचे गुडघे तेव्हा कामातून गेले होते. त्यांनी कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. सगळा कळप विकला, एक कोकरूसुद्धा मागं ठेवलं नाही, आणि लेकीला प्लॉटर आणून दिला. स्वतःकडं फक्त लोकर कातरायची कातर ठेवली.

म्हणून त्या यंत्राकडं ते यंत्र म्हणून बघतच नाहीत. रोज सकाळी येऊन फडकं मारतात, बाहेर बाकावर बसतात आणि विचारतात, "काय गं, चरतंय का?" पातं फिरायला लागलं की आतून आशा ओरडते, "चरतंय, आबा!" आमच्या लायनीचा दिवस असा सुरू होतो.

आता कॉम्प्युटरचं. तो जुना आहे, आणि जुनाच असावा लागतो. कापायच्या सॉफ्टवेअरला एक कुलूप आहे, अंगठ्याएवढा प्लास्टिकचा ठोकळा. तो मागच्या रुंद सॉकेटात बसवला तरच सॉफ्टवेअर उघडतं, आणि तसलं सॉकेट नव्या कॉम्प्युटरला येतच नाही. म्हणजे आतला बोर्ड मेला की कॉम्प्युटर गेला, कॉम्प्युटरबरोबर प्लॉटर गेला आणि प्लॉटरबरोबर म्हस्कूबाबांचा कळप.

दसऱ्याच्या आधीचे दिवस म्हणजे आमची सुगी. दसऱ्याला गाडी धुऊन, हार घालून पूजेला उभी करतात, तेव्हा काचेवरचं नाव कोरं करकरीत पाहिजे. त्या वर्षी आशाकडं पिकअपवाल्यांची झुंबड, आणि कॉम्प्युटर मोठं चित्र उघडताना नुसता धापा टाकायचा. तिनं भंगारातून एक तगडा प्रोसेसर मिळवला, पण बोर्ड त्याला ओळखेना. ओळखायला लावायचं तर बायोस नवा करायला हवा होता. बोर्डावर नखाएवढी एक चिप असते. चालू झाल्यावर जागं कसं व्हायचं, ते कॉम्प्युटरला ती चिप सांगते. तिच्यात जे लिहिलेलं असतं तो बायोस. तो पुसून नव्यानं लिहिता येतो, पण लिहिताना मध्येच वीज तुटली तर अर्धवट राहतो. मग कॉम्प्युटर उठतच नाही.

हे आशाला पक्कं ठाऊक होतं. आमच्याकडच्या लाइटीचा भरवसा नाही म्हणून तिनं माझ्याकडची चांगली बॅटरी नेऊन इन्व्हर्टरला जोडली होती. लाइटीचा बंदोबस्त झाला, बापाचा राहिला.

कारण त्या दिवशी खंडेनवमी होती. हत्यारं, यंत्रं धुऊनपुसून, हळदकुंकू लावून पूजेला मांडायची आणि त्या दिवशी चालवायची नाहीत, हा रिवाज. फाट्यावर आम्ही दुपारपर्यंत काम ओढतो आणि मग पाने-पकडी धुऊन मांडतो, ते सोडा. आशानं सकाळी येऊन बायोस लिहायला लावला, पूजेच्या आत उरकेल म्हणून. तेवढ्यात एक ट्रॅक्टरवाला आला, की माझं नाव तयार आहे ते तेवढं चिकटवून दे. ती बाहेर गेली. मागच्या दारानं म्हस्कूबाबा पूजेचं ताट घेऊन आत आले. त्यांनी कॉम्प्युटरशेजारी कातर मांडली, झेंडू ठेवले. पडद्यावर रोजचं रंगीत चित्र नव्हतं, नुसता काळोख आणि कोपऱ्यात थोडी पांढरी अक्षरं. त्यांना वाटलं, बंदच आहे. तरीही त्यांनी काळजी घेतली. दुकान टाकलं तेव्हा लेकीनंच शिकवून ठेवलं होतं, की आबा, पाणी शिंपडायच्या आधी पिन काढायची, नायतर झटका बसंल. दरवर्षी काढायचे तशी त्यांनी भिंतीतली पिन काढली, आणि मग पाण्यात बोटं बुडवली.

आशा आत आली ती दारातच थांबली. पुढं होऊन पिन लावली. पंखा फिरला, लाल दिवा लागला, पडदा काळाच. परत बंद, परत चालू. परत काळाच. मी तोवर येऊन उभा राहिलो होतो, पण तिच्या दाताखाली ओठ बघितला आणि जन्मात पहिल्यांदा तोंड मिटून घेतलं.

"काय झालं गं?" म्हस्कूबाबांनी विचारलं.

बापाशी खोटं बोलायची तिला सवय नाही. तिनं काय झालं ते सांगितलं. म्हातारा ऐकत उभा राहिला. ताट खाली ठेवलं, कातर उचलून धोतराच्या सोग्यात गुंडाळली आणि बाहेर बाकावर जाऊन बसला.

"मेंढरं आदी माझ्या हातानं विकली," ते म्हणाले. "आन् आज माझ्याच हातानं मारली."

एवढ्यात जानकू आला. हा पिकअपवाल्यांचा म्होरक्या, याच्या गाडीचं नावही रांगेत होतं. सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवून म्हणतो, "खंडेनवमीला यंत्र चालवलं. देवानं दाखवलं का न्हाई? बाईमाणसानं येवढं पुढं जाऊच नये."

आता मात्र मला राहवलं नाही. "जानकू, तू हितं चालत आला का? तुझ्या पिकअपचं इंजान आज पूजेला मांडलंय वाटतं?" मी म्हटलं. तो काहीतरी पुटपुटत गेला. पण म्हस्कूबाबांच्या मनात त्याचं बोलणं घुसलं ते घुसलंच. "खरं हाय त्याचं," ते म्हणाले, "आज हत्याराला हात लावायचा नसतो."

आशानं फोन लावायला सुरुवात केली. नारायणगावचा एक दुरुस्तीवाला म्हणाला, एवढ्या जुन्या बोर्डाला कोण हात लावतं, भंगारात घाला. पुण्याचा एक म्हणाला, चिप लिहायचं मशीन आहे, पण आता सण आहे, दिवाळीनंतर पाठवा. तिनं दोघांना "बरं" म्हटलं. मग स्क्रू ड्रायव्हर घेतला, कॉम्प्युटरचा डबा उघडला आणि आतली चिप अलगद उपसून काढली. ती बोर्डाला चिकटवलेली नव्हती, सॉकेटात बसवलेली होती, हे आमचं नशीब. चांदीच्या कागदात गुंडाळून तिनं ती म्हस्कूबाबांच्या रिकाम्या तंबाखूच्या डबीत ठेवली.

"काका, जीप काढा. घोडेगावला मोहिनीकडं जायचंय," ती मला म्हणाली.

मोहिनी ही तिची कोर्समधली मैत्रीण. भीमाशंकरच्या बाजूच्या डोंगरातली, भाताच्या खाचरांत वाढलेली. घोडेगावात पंचायत समितीजवळ तिचं टायपिंगचं दुकान आहे, डोंगरातली माणसं एसटीनं उतरली की दाखल्यांचे अर्ज तिच्याकडूनच लिहून घेतात. एका कंपनीनं जुने कॉम्प्युटर काढले तेव्हा दोघींनी एकाच गठ्ठ्यातले, एकाच जातीचे घेतले होते. बोर्ड सारखा, चिप सारखी. आशाचा बेत असा, की मोहिनीचा कॉम्प्युटर चालू करायचा. एकदा उठला की त्याला त्या चिपचं काम उरत नाही. मग तो चालू असतानाच त्याची चांगली चिप काढायची, त्या जागी आपली मेलेली बसवायची आणि पेनड्राइव्हवरचा नवा बायोस तिच्यात लिहून घ्यायचा.

"चालू मशीनमदून?" मी विचारलं.

"चालूच. बंद केलं तर परत उठणार कसं?"

"आन् हात हुकला तर?"

"तर तिचंबी गेलं."

म्हस्कूबाबा बाकावरून उठेनात. "आज न्हाई, पोरी. उद्याच्याला दसरा हाय, उद्या बघ."

"उद्या सकाळी लोकं दारात उभी ऱ्हातील. त्यांना काय सांगू, देव कोपला म्हणून?" आशा त्यांच्यापुढं उकिडवी बसली. "आबा, माळावर आपली काळी मेंढी अडली व्हती. मी लहान व्हते. कातर पूजेला मांडलेली व्हती का न्हाई?"

म्हाताऱ्यानं सोग्यातली कातर चाचपली.

"त्याच कातरीनं तुमी नाळ कापली. कुंकू तसंच व्हतं तिला. तवा खंडेनवमी बघत बसला असता तर मेंढीबी गेली असती आन् कोकरूबी. मग ह्याला का बघायची?"

"मेंढरू जितं आसतं, आशे."

"मंग मेलं मेलं म्हणून सकाळधरनं रडताय कशाला?"

म्हस्कूबाबा बाकावरून उठले. मी जीप काढली.

नारायणगाव, मंचर करत घोडेगावला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. वाटेत आशानं बापाला तो बेत पुन्हा समजावला. "मेंढी मेली की तिच्या कोकराला दुसऱ्या मेंढीला पाजता ना, तसं." म्हस्कूबाबा बाहेर बघत म्हणाले, "दुसरी मेंढी लाथा मारती." आशा म्हणाली, "मोहिनी न्हाई मारायची." मला हसू आलं, ते मी गियर बदलण्यात दडवलं.

मोहिनीचा कॉम्प्युटर पूजेला बसलेला, गळ्यात झेंडूचा हार. ती त्याच्यापुढं हाताची घडी घालून उभी होती. फोनवर सगळं ऐकलेलं होतं, तरी तिनं विचारलं, "आशा, तुला हे येतंय का?"

"वाचलंय. केलं न्हाई कदी."

"माझं दुकान ह्याच्यावर हाय."

"म्हायती हाय. न्हाई म्हणालीस तर अशीच परत जाईन, रागबी धरणार न्हाई."

मोहिनीनं कॉम्प्युटरच्या गळ्यातल्या हाराला हात लावला. "कोर्सला पोरं आपल्याला डबा उघडू द्यायची न्हाईत. आठवतंय? म्हणायची, पोरींनी निस्ता माऊस धरायचा." आणि तिनं स्वतःच्या हातानं हार काढून खुंटीला अडकवला. "उघड."

बंद असतानाच तिची चिप थोडी सैल केली. माळा ओवायचं दोऱ्याचं रीळ तिथंच होतं. त्यातला कोरडा दोरा आशानं चिपच्या दोन्ही टोकांखालून घातला आणि वर एकत्र पिळला, म्हणजे ओढली की सरळ वर यावी, तिरपी होऊ नये. मग चालू केलं. पडद्यावर तीच काळी पाटी, पांढरी अक्षरं. मी खिशातली बारीक पक्कड काढली.

"काका, पक्कड ठेवा. आबा काढतील."

म्हस्कूबाबा दारापाशी होते ते आणखी मागं सरकले. "माजा हात नको, पोरी. ह्याच हातानं मेलंय ते."

आशाला मी कधी चिडून ओरडताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं. "म्हणूनच त्याच हातानं उठवायचं! माझं ऐकून तुमी पिन काढली, आबा. मीच शिकवलं व्हतं. तुमचा हात वाईट म्हणणाऱ्याचं मी ऐकणार न्हाई. जानकूचं न्हाई आन् तुमचंबी न्हाई. माझा हात सकाळपासनं कापतोय. तुमचा कापत न्हाई. या हिकडं."

तिनं हात पुढं करून दाखवला. खरंच कापत होता. बापानं तो बघितला आणि पुढं आला.

म्हातारा वाकला. आतला पंखा फिरत होता, त्याच्या वाऱ्यानं मिशा हलत होत्या. चिमटीत दोरा धरला, ओठांत "बिरोबाच्या नावानं चांगभलं" म्हटलं, आणि हात वर घेतला. ओढलं असं वाटलंच नाही. चिप दोऱ्याला लटकून वर आली. आम्ही सगळे पडद्याकडं बघत होतो. अक्षरं जागच्या जागी.

"चालूच हाय?" त्यांनी विचारलं.

"चालूच हाय. आता ही. ठिपका ह्या बाजूला."

अंगठ्यानं त्यांनी मेलेली चिप दाबून बसवली. आशानं बटण दाबलं. पडद्यावर एक पांढरी रेघ हळूहळू पुढं सरकायला लागली. मी जाऊन भिंतीतल्या पिनेवर पंजा ठेवून उभा राहिलो, कुणी हळदकुंकू घेऊन येऊ नये म्हणून. मोहिनीनं दाराला कडी घातली. रेघ टोकाला गेली, खाली एक ओळ उमटली, आणि आशानं दातांतला ओठ सोडला. त्यावर दातांचे वळ उमटले होते.

मोहिनीची चिप तिच्या जागी परत बसवून कॉम्प्युटर चालू केला, तो उठला. तिनं हार खुंटीवरून काढून पुन्हा घातला आणि डोळे पुसले, वर म्हणाली धूळ गेली.

फाट्यावर परतलो तेव्हा दिवस मावळत होता. आशानं चिप बसवली, भंगारातला तगडा प्रोसेसरही बसवला, पिन लावली. म्हस्कूबाबा आत आले नाहीत, रस्त्याकडं तोंड करून बाकावर बसले. टुक असा आवाज झाला. मग पडद्यावर रोजचं रंगीत चित्र आलं. आशानं ठोकळा लावला, सॉफ्टवेअर उघडलं, पहिलं नाव लावलं. पातं फिरायला लागलं.

बाहेरून, पाठमोरेच, त्यांनी विचारलं, "चरतंय का?"

"चरतंय, आबा!"

म्हातारा पंच्यात तोंड घालून रडला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मलाही रडू आलं, लाजायचं काय त्यात.

सगळ्या फाट्याला आवाज गेला असावा, कारण जानकू आलाच. आता सूर वेगळा. "आशाताई, झालं का सुरू? बरं झालं बुवा. माझं तेवढं आत्ताच कापून द्या, सकाळी लौकर पूजा हाय."

आशा काही बोलायच्या आत म्हस्कूबाबा बाकावरून उठले आणि दारात आडवे उभे राहिले. "आज खंडेनवमी हाय, जानकूशेठ. यंत्र चालवलं तर देव कोपंल. उद्या या, रांगंत."

"अवो, आतून आवाज येतोय की!"

"चरतंय ते. त्याला कुठला आलाय सण."

जानकू माझ्याकडं बघायला लागला. मी माझे पाने पुसत होतो, मान वर केली नाही. तो गेला. आशानं नंतर त्याचंही नाव कापलं, पण सगळ्यात शेवटी.

त्या रात्री कामं संपल्यावर तिनं कॉम्प्युटर नीट बंद केला. सकाळचं ताट तसंच होतं, झेंडू माना टाकून बसलेले. ती म्हणाली, "आबा, पिन काढा. पूजा ऱ्हायलीय."

म्हस्कूबाबांनी हात मागं घेतला. मग त्यांनी डब्यावर तळवा ठेवला, गाभण मेंढीच्या पोटावर ठेवतात तसा, आणि आतला पंखा थांबेपर्यंत तसेच राहिले.

"समदं थांबलं? आत काय लिवायचं-बिवायचं ऱ्हायलं न्हाई ना?"

"काय न्हाई."

त्यांनी पिन काढली. पाणी शिंपडलं, प्लॉटरला हळदकुंकू लावलं, कॉम्प्युटरला लावलं, सोग्यातली कातर काढून तिला लावलं. करंड्यात चिमूटभर कुंकू उरलं होतं. त्यांनी आशाचा उजवा हात ओढून घेतला आणि ते तिच्या बोटांना लावलं.

"ह्योबी आज बंद," ते म्हणाले. "जेवाय चल."